सहा सेकंद

भुसावळला लोको शेडमागच्या मैदानावर
गवत नावालाही नव्हतं.
काळी माती, मे महिन्यात तिला भेगा.
एकीत शिरीष भिरूडचा अख्खा बूट अडकला होता
आणि रेफरीनं फाऊल दिला
अन्वरच्या नावावर. भेगेला कार्ड कसं दाखवणार?

मी गोलकीपर.
म्हणजे चेंडू हातात आला
की त्याचं काय करायचं ते सगळं गाव सांगणार.

बाभळीखालून डिक्रूझ मास्तर.
रिटायर्ड ड्रायव्हर, जन्मभर मेल हाकलेली.
"मार लाथ! डायरेक्ट बऱ्हाणपूर!
सावदा नाही, निंभोरा नाही, रावेरला हॉल्ट नाही!"
त्यांच्या मते मधलं मैदान
खिडकीतून बघायची गोष्ट.

समोरच्या बाजूला, पाण्याच्या माठाशी, रमजान तडवी.
सावद्याच्या धक्क्यावर वीस वर्षं
वॅगनीत केळी भरलेला माणूस.
ते ओरडत नसत. हाताचे तळवे पुढे करून
नुसतं दाखवत.
एकदा म्हणाले, "घड फेकतात का रे पोरा?
या हातातून त्या हातात. आपटला की काळा पडतो,
आज दिसत नाही, दिल्लीत दिसतो."

चोपड्याच्या टीमविरुद्ध फायनल.
चव्वेचाळीस अंश, वारा होता तोही भट्टीतून आलेला.
पहिल्या हाफात मी मास्तरांचं ऐकलं.
माझ्या प्रत्येक किकमागे ज्ञानदेव वारके धावला,
ससाण्यासारखा, एकटा,
तीनदा पोचला, एकदा बार हलवला,
आणि पस्तिसाव्या मिनिटाला रेषेबाहेर बसून
लिंबाचं सगळं सरबत ओकला.

दुसऱ्या हाफात रमजानचाचांचं.
भिरूडला दिला, भिरूडनं अन्वरला,
अन्वरनं परत मला. पुन्हा भिरूड.
धावायचं काम चेंडूचं, आपण सावलीसारखं सरकायचं.
चोपड्याची पोरं मागे मागे फिरून लाल झाली.
लोक मोजू लागले: एकोणीस, वीस...
सव्विसाला कुणीतरी किंचाळलं,
"मार ना भो पुढे! काय पोळ्या लाटून राहिला?"
सत्ताविसावा पास भेगेत गेला.

म्हणजे शून्य-शून्य.
अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. कॉर्नर आला, मी उडी मारून झेलला.
वारके पुढे मोकळा, हात वर.
भिरूड बाजूला मोकळा, हात खाली.
मास्तर उभे राहिले. चाचाही.
आणि तेव्हाच, का कोण जाणे,
आऊटरला थांबलेली मालगाडी मला दिसली.
पहिल्यांदाच नीट दिसली.
गार्ड डब्याच्या पायरीवर बसून कांदा फोडत होता.
चेंडू छातीशी. ऊन. कांदा.
कुणाचीच कसलीच घाई नव्हती.

शिट्टी.
सहा सेकंद झाले होते. आठ झाले म्हणतात काहीजण.
आमच्याच बॉक्समध्ये त्यांना इनडायरेक्ट फ्री किक.
एकानं हळूच टेकवला, दुसऱ्यानं दणकन मारला,
माझ्या डाव्या कानाजवळून.

मला वाटलं दोघं मला खातील.
मास्तर फक्त म्हणाले, "टोपी घाल, ऊन लागेल."
चाचांनी माठातलं उरलेलं पाणी माझ्या मानेवर ओतलं.
मग एकाच रिक्षात बसून दोघं गेले,
गांधी पुतळ्यापर्यंत आवाज येत होता:
"तू त्याला थांबायला शिकवलंस!"
"तुम्ही त्याला द्यायला शिकवलं नाही!"

दोघंही आता नाहीत.
मैदानाचा अर्धा भाग स्लीपरांनी व्यापलाय,
उरलेल्या अर्ध्यात वारकेची नात कीपर असते.
दोन वेण्या, बापाचे हातमोजे.
चेंडू धरते आणि आधी माझ्याकडे बघते.

मी बाटली उघडतो.
घोट घेतो. सावकाश.
मनात मोजतो, पण ओठ हलवत नाही.